ज्याची वाटी, त्याच्या घरात

मांडी घाला, जवळ सरका. ही गोष्ट आहे एका वाटीची. वाटी एवढीशी. तुमच्या अंगठ्याएवढी.

एका परसात एक बीळ होतं. बिळात राहायची पिटकी. पिटकी म्हणजे छोटीशी उंदरी. नाक गुलाबी, कान पातळ, शेपटी लांबच लांब. तिचा एक धाकटा भाऊ होता. त्याचं नाव बुटक्या. बुटक्या अजून बोबडं बोलायचा.

त्यांच्या घरात एकच वाटी होती. भातुकलीतली, पितळेची, पिवळी पिवळी. बुटक्या त्याच वाटीत जेवायचा. पानावर वाढलं, तर नाही खायचा. द्रोणात वाढलं, तर नाही खायचा. "माजी वाती!" म्हणायचा, आणि तोंड घट्ट मिटायचा.

पिटकीचं एक गुपित होतं. सांगू? कान इकडे आणा.

पहाट झाली की पिटकी त्या वाटीत खाऊ घालायची. तुरुतुरु, तुरुतुरु जायची. कुणाच्या तरी दारात वाटी ठेवायची. टक टक टक करायची. आणि पळायची! पळता पळता शेपटीनं आपली पावलं पुसायची. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र.

दार उघडायचं.

"अगंबाई, खाऊ! कुणी बरं ठेवला?"

इकडे बघितलं, कुणी नाही. तिकडे बघितलं, कुणी नाही!

मग खाऊ खायचा. वाटीत आपलं काहीतरी घालायचं. आणि वाटी परत दारात ठेवायची. त्या परसात तशी रीतच होती. दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही. थोडंसं का होईना, काहीतरी घालायचं.

शेळीला वाटीतून गुळाचा खडा आला. तिनं वाटीत हिरवं गवत घातलं. शेवग्याला वाटीतून मऊ मऊ खत आलं. त्यानं वाटीत पांढरं फूल टाकलं.

पिटकी लपून बघायची. खुदुखुदु हसायची. सगळे आत गेले, की हळूच वाटी उचलायची आणि घरी यायची.

एके दिवशी पिटकीनं वाटीत बाजरी घातली. ती कोंबडीकाकूंच्या खुराड्याशी आली. खुराड्यापुढं राख होती. चुलीतली, मऊ मऊ राख. कोंबडीकाकू त्या राखेत अंघोळ करायच्या.

पिटकीनं वाटी ठेवली. टक टक टक!

तेवढ्यात कोंबडा आरवला. कुकूचकू!

पिटकी दचकली. जी पळत सुटली, ती थेट बिळात. पावलं पुसायची राहूनच गेली. राखेत उमटली इवली इवली पावलं!

पण पिटकीला ते कळलंच नाही. तुम्हाला कळलं ना? सांगू नका हं तिला.

थोड्या वेळानं पिटकी वाटी आणायला गेली. बघते तर काय? दारात वाटी नाही! खुराड्यात डोकावली. कोंबडीकाकू अंड्यांवर बसल्या होत्या. आणि त्यांच्या शेजारी वाटी. पिवळी पिवळी. रिकामी.

"काकू, काकू, दारात एक वाटी होती ना?"

"होती की! कुणीतरी बाजरी ठेवून गेलं. काय गोड दाणे होते गं!"

"मग ती वाटी परत दारात ठेवा ना."

"रिकामी? छे गं बाई! रिकामी वाटी ठेवतात का कुठं? आणि माझ्याकडे आहे काय घालायला? पिसं! पिसं कुणी खातं का?"

पिटकीनं मान हलवली. पिसं कुणी खात नाही.

"शेळीनं थोडं दूध दिलं, तर वाटी भरीन," कोंबडीकाकू म्हणाल्या. "भरली की ज्याची त्याला देईन. पण मी बसलेय अंड्यांवर. शेळीला सांगणार कोण? आणि काय गं, वाटी तुझी का?"

पिटकीच्या अगदी ओठावर आलं, हो, माझीच! पण मग गुपित फुटलं असतं. गुपित फुटलं, की सगळी गंमत गेली.

पिटकीनं मिशा पुसल्या.

"मी कुठं म्हटलं?"

कोंबडीकाकूंनी एक डोळा मिटला. एक उघडा ठेवला.

पिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत तिचं बीळ लागलं. आतून आवाज आला,

"माजी वाती कुथंय? भ्याँ!"

वाटी नाही, तर जेवण नाही. बुटक्या उपाशीच! पिटकी आणखी जोरात पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेळी गोठ्यात बसली होती.

"शेळीमावशी, शेळीमावशी, दूध दे.
दूध वाटीला,
वाटी दारात,
ज्याची त्याच्या घरात!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! दूध कुठलं गं? माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

पिटकीनं शेळीच्या पोटाला कान लावला. कावळा काही ऐकू आला नाही. नुसतं गुडगुड, गुडगुड.

"शेवग्यानं पाला दिला, तर मी दूध देईन," शेळी म्हणाली. "पण तुला कसली गं एवढी घाई? वाटी तुझी का?"

पिटकीनं मिशा पुसल्या.

"मी कुठं म्हटलं?"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेवगा विहिरीजवळ उभा होता. मान खाली घालून.

"शेवगादादा, शेवगादादा, पाला दे.
पाला शेळीला,
दूध वाटीला,
वाटी दारात,
ज्याची त्याच्या घरात!"

शेवगा म्हणाला, "हा असला पाला? बघ तरी! सगळा कोमेजलाय. कोमेजलेला पाला पाहुणीला वाढू? मला लाज नाही का?"

"पाहुणी कुठली? शेळीमावशी तर आपली शेजारीण!"

"शेजारणीला तर मुळीच नाही वाढणार. ती सगळ्या परसाला सांगत सुटेल. माझी मुळं कोरडी पडलीत. विहिरीनं पाणी दिलं, तर मी पाला देईन. वाटी तुझी का गं?"

पिटकीनं मिशा पुसल्या.

"मी कुठं म्हटलं?"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

विहीर खोल होती. पिटकी काठावर चढली. आत वाकली. आत काळोख आणि गार गार वारा.

"विहीरआजी, विहीरआजी, पाणी दे.
पाणी शेवग्याला,
पाला शेळीला,
दूध वाटीला,
वाटी दारात,
ज्याची त्याच्या घरात!"

विहीर खालून म्हणाली, "पाणी खूप आहे... आहे... आहे... पण वर कशी येऊ... येऊ... येऊ...?"

"उडी मार!"

"म्हातारी मी... मी... मी... उडी कुठली मारते... मारते... मारते...? पोहरा खाली आला, तर पाणी देईन... देईन... देईन... वाटी तुझी का गं... का गं... का गं...?"

पिटकीनं मिशा पुसल्या.

"मी कुठं म्हटलं?"

आतून आवाज आला, "म्हटलं... म्हटलं... म्हटलं..."

"नाही म्हटलं!" पिटकी ओरडली, आणि पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पोहरा म्हणजे विहिरीतून पाणी काढायचं भांडं. तो पडला होता गवतात, उपडा. त्याच्यावर एक गोगलगाय झोपली होती.

"पोहरोबा, पोहरोबा, ऊठ.
पोहरा विहिरीला,
पाणी शेवग्याला,
पाला शेळीला,
दूध वाटीला,
वाटी दारात,
ज्याची त्याच्या घरात!"

पोहरा म्हणाला, "ठण ठण! उठू कसा? माझा दोर तुटला. दोराशिवाय गेलो, तर डुबुक! खाली गेलो तो गेलोच."

गोगलगायीनं डोळे बाहेर काढले. "त्याला उठवू नकोस गं. मी आत्ताच पडलेय."

"तात्यांनी दोर दिला, तर मी उठेन," पोहरा म्हणाला. "पण तू एवढी का धावतेस? वाटी तुझी का?"

पिटकीनं मिशा पुसल्या. मिशा आता अगदी चकचकीत झाल्या होत्या.

"मी कुठं म्हटलं?"

आणि निघाली. पण या वेळी तुरुतुरु नाही. हळू... हळू... हळू.

का बरं?

तात्यांची खोपटी परसाच्या पार टोकाला होती. तात्या दोर वळायचे. आणि खोकायचे. खॉक! खॉक! तात्या खोकले, की कोंबड्या उडायच्या, पानं पडायची. पिटकीला तात्यांची भारी भीती. ती त्यांच्या दारात कधी गेलीच नव्हती.

आज गेली. शेपटी थरथरत होती, तरी गेली.

तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेजारी वाखाचा ढीग. वाख म्हणजे दोर वळायचे लांब लांब धागे.

"तात्या, तात्या, दोर द्या.
दोर पोहऱ्याला,
पोहरा विहिरीला,
पाणी शेवग्याला,
पाला शेळीला,
दूध वाटीला,
वाटी दारात,
ज्याची त्याच्या घरात!"

तात्या म्हणाले, "खॉक! नाही देत जा! माझे हात रुसलेत."

"हात कसे रुसतील?"

"का नाही रुसणार? शेळीला गूळ. शेवग्याला खत. आज म्हणे कोंबडीलाही बाजरी. सगळ्यांच्या दारात वाटी येते. कोण ठेवतं, देव जाणे. आणि माझ्या दारात? माझ्या दारात ठेंगा!"

तात्यांनी खरोखरच ठेंगा दाखवला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी रोज पहाटे दार उघडून बघतो. उंबऱ्यावर काही नसतं. म्हातारा एकटा राहतो, तो कुणाला आठवतोय? माझ्या दारात काही आलं, तर हात हसतील. हात हसले, तर दोर वळीन. जा आता!"

पिटकीचे कान पडले. खरंच की! ती सगळ्यांच्या दारात गेली होती. नुसत्या खोकल्याला भिऊन तात्यांना मात्र विसरली होती.

ती घरी आली. घरात काय होतं? एक शेंग. भुईमुगाची. एवढी एकच. बुटक्याच्या जेवणाची. आता ही दिली, तर बुटक्याला काय?

बुटक्या डोळे चोळत बसला होता. "माजी वाती कुथंय?"

"येईल रे राजा. बुटक्या, ही शेंग मी कुणाला देऊ का?"

"कुनाला?"

"एक आजोबा आहेत. त्यांना कधीच कुणी काही दिलं नाही."

"कदीच नाही?"

"कधीच नाही."

बुटक्यानं शेंगेकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग शेंग पुढं ढकलली.

"दे. पन वाती आन."

वाटी तर नव्हती. म्हणून पिटकीनं पळसाचं पान घेतलं. पानावर शेंग ठेवली. ओढत ओढत नेली. सर्र सर्र, सर्र सर्र. तात्यांच्या उंबऱ्यावर ठेवली. टक टक टक! पळता पळता पावलं पुसली. सुर्र सुर्र. आणि खोपटीच्या कोपऱ्याआड लपली.

"खॉक! कोण आहे रे?"

तात्या दाराशी आले. इकडे बघितलं, कुणी नाही. तिकडे बघितलं, कुणी नाही! खाली बघितलं. पान! पानावर शेंग!

तात्यांचे डोळे मोठे झाले. तात्यांच्या मिशा वर गेल्या.

"आलं! माझ्या दारात आलं! अरे, ऐकलंत का? माझ्याही दारात आलं!"

शेंग फोडली. कट्! आत दोन दाणे. तात्यांनी एक खाल्ला. कुटुम कुटुम. दुसरा तोंडाशी नेला. मग थांबले. पानाकडे बघितलं.

"छे छे. पान रिकामं कसं ठेवू?"

आणि त्यांनी दुसरा दाणा पानावर ठेवून दिला. मग दोन्ही हात वर केले. दहा बोटं नाचायला लागली.

"हसले बघ माझे हात! चला, दोर वळायचाय!"

तात्यांनी वाख घेतला. गर गर गर, गर गर गर. दोर झाला लांबच लांब.

मग काय झालं?

दोर गेला पोहऱ्याला. तात्यांनी मारली पक्की गाठ. पोहरा म्हणाला, "ठण ठण! चला!" गोगलगाय म्हणाली, "बाई बाई, या घरात झोप म्हणून नाही," आणि उतरली.

पोहरा गेला विहिरीला. खडखड खडखड... डुबुक! विहीर म्हणाली, "आलास का... का... का...?"

पाणी गेलं शेवग्याला. झुळझुळ झुळझुळ. शेवगा प्यायला गटगट गटगट. त्याची मान वर झाली. पानं हिरवीगार झाली. "आता कसं! आता वाढतो," शेवगा म्हणाला, आणि पाला पडला भुरभुर भुरभुर.

पाला गेला शेळीला. शेळीनं खाल्ला मचमच मचमच. पोटातले कावळे कुठल्या कुठं उडाले.

शेळी निघाली खुराड्याशी. पुढं पिटकी तुरुतुरु, मागं शेळी टपटप. दूध गेलं वाटीला. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र. वाटी भरली. पांढरी पांढरी, काठोकाठ.

"काकू, काकू, आता वाटी दारात ठेवा ना!"

कोंबडीकाकू म्हणाल्या, "कुठं ठेवायची ते मला कळतं. तू जा घरी."

"पण काकू, वाटी तर..."

"तर काय? वाटी तुझी का?"

पिटकीनं तोंड उघडलं. मिटलं. मिशा पुसल्या.

"मी कुठं म्हटलं?"

"मग जा बघू!"

पिटकी घरी निघाली. आधी तात्यांच्या दारात जाऊन पान उचललं. पानावरचा दाणा घेतला. बिळात आली.

"वाती आनली?"

पिटकीनं नुसता दाणा पुढं केला. काकूंना कसं कळणार, वाटी कुणाची? त्यांनी भलत्याच दारात ठेवली तर? बुटक्यानं दाणा बघितला. पण वाटी नाही, तर जेवण नाही. त्यानं तोंड घट्ट मिटलं. पिटकीनं त्याला जवळ घेतलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात...

टक टक टक!

पिटकीनं बाहेर बघितलं. इकडे बघितलं, कुणी नाही. तिकडे बघितलं, कुणी नाही! खाली बघितलं.

वाटी! पिवळी पिवळी वाटी! पांढरं पांढरं दूध!

"माजी वाती!" बुटक्या नाचायला लागला. पिटकीनं दाणा बारीक केला. दुधात घातला. बुटक्यानं आऽऽ केलं. एवढं मोठं आऽऽ! आणि सगळं संपवलं. चाटून पुसून.

पण वाटी कुणी बरं ठेवली?

पिटकी बाहेर आली. बिळापासून खुराड्यापर्यंत पावलंच पावलं होती. राखेची. मोठी मोठी, तीन तीन बोटांची. ती पावलांमागून खुराड्याशी गेली. तिथं राखेत आणखी पावलं होती. इवली इवली. हो, तिचीच! पहाटेची!

अस्सं! म्हणजे काकूंना सकाळपासूनच ठाऊक होतं. तरी कुणाला म्हणून सांगितलं नाही.

खुराड्यात काकू अंड्यांवर बसल्या होत्या. त्यांना धाप लागली होती. पायांना राख होती. पण तोंड कसं अगदी साधं भोळं.

"काकू," पिटकी म्हणाली, "एक गंमत झाली. कुणीतरी आमच्या दारात दूध ठेवलं. तुम्ही ठेवलंत का?"

कोंबडीकाकूंनी चोचीनं पिसं पुसली.

"मी कुठं म्हटलं?"

आणि दोघी हसल्या. पिटकी खुदुखुदु, काकू कुकुकुकु.

मग पिटकी घरी निघाली. पण तुरुतुरु नाही. हळू हळू, काकूंच्या पावलांवरून. कारण काकूंची शेपटी आखूड. त्यांना पावलं पुसता येत नाहीत ना! म्हणून पिटकीनं आपल्या लांबच लांब शेपटीनं काकूंची पावलं पुसली. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. एकसुद्धा ठेवलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाटी गेली तात्यांच्या दारात.

खाऊ आला दारात,
वाटी गेली घरात,
गोष्ट पडली कानात.

कुणी सांगितली?

मी कुठं म्हटलं?